सेहेचाळिसावा दिवस

मी कंपनी सेक्रेटरी आहे. म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. 'आमची शर्मिला कुठल्याशा कंपनीत साहेबांची पत्रं टाइप करते' असं त्या सोसायटीत सांगतात आणि मीही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. प्रत्यक्षात मी कंपन्यांची नोंदणी करते, दरवर्षी त्यांचे कागद सरकारकडे भरते आणि वेळ आली की त्यांचे अंत्यसंस्कारही करते. धायरीत हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. लिफ्ट नाही. ज्याला स्वतःची कंपनी चालवायची आहे त्याला दोन जिने चढता यावेत, एवढी माझी माफक अपेक्षा.

विश्वजीत शेवाळे पहिल्यांदा आला तो २०१८ साली, हातात उसाची चार कांडकी घेऊन. माझ्याकडे येणारी मुलं लॅपटॉप घेऊन येतात. याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर ऊस ठेवला आणि खिशातून कपड्यांच्या चिमट्यापेक्षा थोडं मोठं असं एक यंत्र काढलं. ते उसाला लावलं की त्यातून उजेड जायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा. उसात साखर किती भरली आहे, हे ऊस न कापता सांगणारं यंत्र. कारखान्याची तोड नोंदणीच्या तारखेप्रमाणे लागते, ऊस पिकला आहे की नाही हे कुणी बघत नाही, म्हणून टनामागे किती साखर वाया जाते, हे तो मला वीस मिनिटं सांगत होता. मग त्याने प्रत्येक कांडं स्वतः दाताने तोडून चघळलं आणि आकडा आधी तोंडी सांगून मग यंत्र लावलं. चारपैकी तीन वेळा त्याची जीभ आणि यंत्र यांचं एकमत झालं. चौथ्या वेळी म्हणाला, जीभ चुकली. मला तो तिथेच आवडला.

मांजरीचा मुलगा. घरची जमीन, त्यातली बरीच बिल्डरांकडे गेलेली, उरलेल्या दोन एकरांत ऊस. इंजिनिअर होऊन हिंजवडीत सहा वर्षं नोकरी केली. मांजरी ते हिंजवडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक, कंपनीच्या बसमध्ये जाताना दोन तास आणि येताना अडीच. लोक त्या बसमध्ये झोपतात. याने तिथे वहीत सर्किटं काढली. उंच, हाडकुळा, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. दहाची वेळ दिली की साडेनऊलाच खाली गाडीत येऊन बसायचा आणि दहाला वर यायचा. 'हो मॅडम' शिवाय दुसरं उत्तर नाही. त्याचा अर्थ त्याला आपलं म्हणणं पटलं असा होत नसे, हे कळायला मला वेळ लागला.

प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात. याच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. अशा वेळी मी जे सगळ्यांना सांगते तेच त्याला सांगितलं, वडिलांना घ्या, त्यांची फक्त सही लागेल. पुण्यातल्या निम्म्या कंपन्यांत दुसरा संचालक म्हणजे कुणाची तरी आई, बायको नाहीतर वडील असतात. ते येतात, चहा पितात, मी बोट ठेवीन तिथे सही करतात आणि जातात.

त्याचे वडील दत्तोबा असेच आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, कोल्हापुरी चपला दाराबाहेर काढून आत. मी म्हटलं, असू देत हो पायात. त्यांनी ऐकलं नाही. सही मात्र ठळक, सावकाश, पूर्ण नावाची. मांजरीत त्यांना मान होता आणि तो कशामुळे हे विश्वजीतनेच मला सांगितलं होतं. जमिनीचा व्यवहार ठरला की घेणारा विसार देतो, म्हणजे बयाणा. स्टॅम्पपेपरवर चार ओळी, एकावन्न हजार किंवा लाख रुपये, पाच माणसं आणि पेढे. खरेदीखत नंतर कधीतरी होतं. पण विसार घेतला त्या क्षणापासून ती जमीन देणाऱ्याने दुसऱ्या कुणाला दाखवायचीसुद्धा नाही. दत्तोबांनी एकदा बारा गुंठ्यांचा विसार घेतला होता आणि आठवड्याने दुसरा बिल्डर दीडपट भाव घेऊन अंगणात आला. दत्तोबांनी त्याला खुर्चीदेखील दिली नाही. तेव्हापासून गावात कुणाचाही विसार असो, पाच माणसांत दत्तोबा हवेतच.

कंपनी चार वर्षं बरी चालली. बरी म्हणजे विश्वजीतच्या पोटापुरती आणि दोन माणसांच्या पगारापुरती. २०२१च्या हंगामात सोलापूरकडच्या एका खासगी कारखान्याने चाळीस यंत्रं वापरून पाहिली आणि पुढच्या हंगामासाठी चारशे मागितली. मात्र ती दसऱ्यापर्यंत हातात हवी होती, कारण त्यानंतर गाळप सुरू होतं. हंगाम चुकला की वर्ष गेलं. चारशे यंत्रं करायला सुटे भाग परदेशातून मागवावे लागत, ते यायला आठ आठवडे. म्हणजे जुलैअखेरीपर्यंत, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात पैसा हवा. सगळं या एका तारखेवर होतं, आणि ती विश्वजीतला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

पैसे द्यायला दोन ठिकाणं तयार झाली. एक अभयराव. भोसरीत त्यांचा मशीनशॉप होता, तो मुलाकडे देऊन आता स्वतःचे पैसे पुण्यातल्या लहान कंपन्यांत घालतात. माणूस सावध. समोरच्याला चहा विचारतात तोही 'घेणार नसालच' अशा सुरात. तीन भेटींनंतर मे महिन्यात ते म्हणाले, दीड कोटी देतो, कागद करा. दुसरा मुंबईचा एक फंड. त्यांच्याकडे काम करणारा तेजस नावाचा सत्तावीस वर्षांचा मुलगा मांजरीला येऊन उसात फोटो काढून गेला. ते आठ कोटी म्हणत होते.

आता हे फंडवाले म्हणजे काय प्रकरण असतं, ते मी प्रत्येक पोराला सांगते आणि प्रत्येक पोरगं मान डोलावतं. हे पैसे त्यांचे नसतात. विमा कंपन्या, श्रीमंत घराणी, कुठली कुठली ट्रस्ट यांच्याकडून ते गोळा करतात आणि साधारण दहा वर्षांत वाढवून परत देण्याचा वायदा करतात. पंचवीस कंपन्यांत पैसे घालायचे; पंधरा बुडणार, सात-आठ घातलेलं परत देणार आणि एखाद-दुसरी इतकी फुगणार की बाकीच्यांचं नुकसान भरून वर नफा. त्यांना ठाऊक असतं की बहुतेक बुडणार. ठाऊक नसतं ते तुम्हाला. म्हणून तुमची कंपनी नीट चालते, दरवर्षी थोडी वाढते, हा त्यांच्या दृष्टीने गुणच नाही. ती शंभरपट होईल का, एवढाच त्यांचा प्रश्न. विश्वजीतने पहिल्या भेटीत खरं ते सांगितलं, महाराष्ट्रात दोनशेच्या आसपास कारखाने, तेवढंच आपलं गिऱ्हाईक. तेजसने त्याला समजावलं की असं सांगायचं नसतं. पुढच्या भेटीत विश्वजीत ब्राझील आणि थायलंडचे नकाशे घेऊन गेला. ज्याने महाराष्ट्राबाहेरचा ऊस चघळला नव्हता तो ब्राझीलबद्दल बोलला, आणि तिथे माना डोलल्या.

मेच्या वीस-बावीस तारखेला टर्मशीट आली. टर्मशीट म्हणजे व्यवहाराच्या अटींचा मसुदा, सहा-सात पानांचा. विश्वजीत ती घेऊन माझ्याकडे आला आणि आम्ही ओळ न् ओळ वाचली. कंपनी पुढे विकली तर आधी फंडाचे आठ कोटी बाजूला काढायचे आणि उरलं तर बाकीच्यांचं. विश्वजीतचे स्वतःचे शेअर चार वर्षं अडकणार. मधे सोडून गेला तर ते जाणार. म्हणजे स्वतःच काढलेली कंपनी त्याने पुन्हा चार वर्षं राबून मिळवायची. यावर तो दोन आठवडे भांडला आणि चांगला भांडला. चाराची तीन वर्षं करून घेतली.

पण मी बोट ठेवत होते ते पहिल्याच पानावर. तिथे लिहिलं होतं की हा कागद कुणालाही पैसे देण्याला किंवा घेण्याला बांधत नाही. बंधनं फक्त दोन. बोलणी गुप्त ठेवायची, आणि पंचेचाळीस दिवस विश्वजीतने दुसऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही भांडताय त्या अटी पैसे आल्यावरच्या आहेत. पैसे येतील असं यात कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही बांधले जाताय, ते नाहीत. खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत काहीही बदलू नका, कुणालाही नोकरीवर घेऊ नका.

'हो मॅडम,' विश्वजीत म्हणाला.

जूनच्या सहा तारखेला त्याने सही केली. दत्तोबा बाहेरच्या बाकावर बसले होते, कारण त्याच दिवशी दोन्ही संचालकांच्या सहीचा एक ठराव करायचा होता. मी त्यांना आत बोलावलं, बोट ठेवलं, त्यांनी सही केली. त्यांनी विश्वजीतला विचारलं, इसार किती दिला. तो म्हणाला, आबा, यात इसार नसतो, कागद असतो. दत्तोबांनी त्या कागदाकडे जरा वेळ पाहिलं. इंग्रजी, जाड, वर सोनेरी चिन्ह. मग खिशातून पेढ्यांचा पुडा काढून पहिला पेढा मला दिला.

पुढच्या आठवड्यात विश्वजीतने पाच माणसं घेतली.

त्यातली निशा मला चांगली आठवते, कारण नेमणुकीच्या कागदांसाठी ती माझ्याकडे येऊन गेली. यवतमाळ जिल्ह्यातली, पुसदची. हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत चार वर्षं होती, तिथे बढती समोर दिसत होती. तिने मला सरळ विचारलं, मॅडम, पैसे आलेत ना यांच्याकडे? मी म्हटलं, ते विश्वजीतना विचारा. एका कंपनीची गोष्ट मी तिसऱ्याला सांगू शकत नाही, हा माझ्या व्यवसायाचा नियम आहे आणि तो नियम आजही मला बरोबर वाटतो. तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, झालंच आहे समज, शब्द झालाय. तिने राजीनामा दिला, हिंजवडीचं हॉस्टेल सोडलं आणि मांजरीत खोली घेतली.

तो खोटं बोलला नव्हता. तो ज्या गावात वाढला तिथे एवढा कागद झाला, पेढे वाटले, की व्यवहार झालेलाच असतो. मधे उरतात त्या नुसत्या तारखा.

फंडाकडून तपासणी सुरू झाली. रोज नवी यादी यायची. चार वर्षांचे हिशेब, करारांच्या प्रती, यंत्राच्या चाचण्या, दत्तोबांचं पॅनकार्ड. मी आणि विश्वजीत कागद पाठवत राहिलो. तेजस गोड बोलायचा. पण ज्याच्याशी तुम्ही रोज बोलता तो ठरवणारा नसतो, ही दुसरी गोष्ट मी सगळ्या पोरांना सांगते. ठरवणारी समिती वेगळी, ती महिन्यातून एकदा बसते, आणि तिच्यातल्या एकानेही ऊस उभा पाहिलेला नसतो.

एकवीस जुलैला पंचेचाळीस दिवस संपले. पैसे आले नव्हते. बावीस तारखेला, शुक्रवारी सकाळी दहाला, मी स्वतः विश्वजीतला फोन केला. असा फोन मी कुणाला करत नाही.

'विश्वजीत, आजपासून तुम्ही मोकळे आहात. अभयरावांना फोन करा. ते पंधरा दिवसांत दीड कोटी देतील, तुमची चारशे यंत्रं होतील. फंड आला तर नंतर येऊ दे.'

तो म्हणाला, विचार करून सांगतो.

शनिवारी त्याचा फोन आला. 'नको मॅडम. शब्द दिलाय. एवढ्यात दुसऱ्याच्या दारात जाणं बरं दिसत नाही.'

माझा पारा चढला. मी त्याला म्हटलं, तुमचं लग्न ठरलंय का त्यांच्याशी? ते आज सकाळी आणखी पाच कंपन्यांना भेटत असतील, त्यांना काही वाटतंय का? हा व्यवहार आहे, सोयरीक नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, तेजस म्हणतोय नव्वद टक्के झालंय. मी म्हटलं, यात नव्वद टक्के असं काही नसतं. मग मी फोन ठेवला आणि आठवडाभर त्याच्यावर रागावून राहिले. इंजिनिअर मुलगा, सहा वर्षं हिंजवडीत काढलेला, आणि वागतो अगदी अडाण्यासारखा, असं मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं. हे मी एकदा विश्वजीतच्या तोंडावरही बोलले.

अभयरावांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्वतःहून एकदा विचारलं. विश्वजीत म्हणाला, मुंबईशी ठरलंय. ते म्हणाले, ठीक आहे.

ऑगस्ट गेला. फंडाची बैठक पुढे ढकलली. गणपती गेले. तेजस आता फोन लगेच उचलत नव्हता, नंतर करतो असा मेसेज टाकायचा. कारखान्याच्या चीफ केमिस्टने विचारलं, यंत्रं कधी. विश्वजीतने स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून जमले तेवढे भाग मागवले, साठ यंत्रांचे. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. दोन ओळी. बदललेल्या बाजारपरिस्थितीत आम्हाला या गुंतवणुकीबाबत पुढे जाता येणार नाही. तुमच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. कारण नाही, फोन नाही. नंतर बऱ्याच दिवसांनी कानावर आलं की त्यांच्या दोन जुन्या कंपन्या अडचणीत आल्या होत्या आणि उरलेले पैसे त्यांना तिकडे लागणार होते. उसाशी, यंत्राशी, विश्वजीतशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कायद्याने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या पानावर सगळं लिहिलेलं होतं.

तो त्याच दिवशी अभयरावांकडे गेला. मीही गेले, कारण मला वाटलं माझ्या असण्याचा काही उपयोग होईल. अभयरावांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, त्यांनी का सोडलं? विश्वजीत म्हणाला, कारण दिलं नाही. अभयराव म्हणाले, तीन महिने त्यांनी तुमचं सगळं तपासलं आणि सोडलं. त्यांनी काय पाहिलं ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. मग मी काय समजायचं? यावर मी बोलले, बरंच बोलले. पण मे महिन्यात जे त्यांना हवंहवंसं वाटत होतं त्याला आता कुणीतरी नाकारल्याचा डाग लागला होता. पैसेवाल्यांच्या जगात हे नेहमी होतं. मोठा माणूस उठून गेला की लहानही खुर्ची मागे सरकवतात. पुढच्या तीन आठवड्यांत विश्वजीत आणखी नऊ जणांना भेटला. नऊही जणांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

कारखान्याने साठ यंत्रं घेतली नाहीत. चारशे नसतील तर तोडणीचं वेळापत्रक बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

दिवाळीआधी त्याने माणसांना सांगितलं. मी तिथे होते. राजीनाम्यांचे आणि हिशेबाचे कागद मीच नेले होते. मांजरीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सात माणसं खुर्च्यांवर बसली होती. विश्वजीतने लपवाछपवी केली नाही. चूक माझी, असं म्हणाला. ऑक्टोबरचे पगार देतो, त्यापुढे माझ्याकडे काही नाही. मग निशा उठली. ती रडत नव्हती, आवाजही चढलेला नव्हता.

'सर, ज्यांनी तुम्हाला शब्दच दिला नव्हता, त्यांच्यासाठी तुम्ही थांबलात. मला तर तुम्ही दिला होता.'

तिचं बरोबर होतं, आणि शेडमधल्या प्रत्येकाला ते कळलं. त्या वर्षी हिंजवडीतही भरती थंडावली. निशाने आठ महिने शोधलं, मग पुसदला परत गेली. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये तासावर शिकवते, असं नंतर कळलं. ती कागदांसाठी आली त्या दिवशी मी तिला 'थांब' एवढं म्हटलं असतं तर माझा कुठला नियम मोडला असता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

कंपनी मार्चपर्यंत रखडली आणि बंद पडली. विश्वजीत हिंजवडीला परत नोकरीला लागला, आधीपेक्षा कमी पगारावर. पुन्हा बस, पुन्हा दोन तास आणि अडीच तास. आता तोही झोपत असावा.

बंद पडलेली कंपनी कागदावर जिवंत असते. सरकारदरबारी तिचं नाव पुसायचं तर आधी दोन आर्थिक वर्षं तिने काहीच न केल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे मारायची तर ती दोन वर्षं मेलेली असावी लागते. त्यामुळे ते शेवटचं काम उजाडलं यंदा, २०२५च्या जूनमध्ये, एका शनिवारी, कारण विश्वजीतला सुटी शनिवारी. दोन्ही संचालकांच्या सह्या लागतात. उद्या कुणाचं काही देणं निघालं तर आम्ही वैयक्तिक भरून देऊ, असं हमीपत्र असतं, ते नोटरीसमोर करावं लागतं.

दत्तोबा जिने चढून वर आले तेव्हा दम खात दोन मिनिटं दारातच उभे राहिले. तीन वर्षांत अंगातला शर्ट मोठा झाला होता. चपला बाहेर काढल्या. बसले. मी सवयीने बोट ठेवलं.

त्यांनी पेन हातात घेतलं नाही. म्हणाले, आधी वाचून दाखवा.

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा म्हणत होते. मी इंग्रजी कागद मराठीत सांगत सांगत वाचला. चाळीस मिनिटं लागली. मधेमधे ते थांबवत, एखादा शब्द पुन्हा विचारत. प्रश्न इतके नेमके होते की मला लाज वाटली. जमिनीचे शंभर व्यवहार बघितलेला माणूस होता तो. मी त्याला सात वर्षं चहा पाजून घरी पाठवत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'म्याडम, त्यो मुंबईवाल्यांचा कागद. त्यात काय ल्हिलं व्हतं?'

'आबा, ते जुनं झालं,' विश्वजीत म्हणाला.

'मला ऐकायचं हाय.'

मी सांगितलं. पैसे द्यायचं बंधन कुणावर नाही. पंचेचाळीस दिवस आपण दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही. त्यानंतर दोघंही मोकळे.

'सेहेचाळिसाव्या दिवशी दुसऱ्याकडं गेलं तर चाललं असतं?'

'चाललं असतं.'

'कुनी नावं ठिवली असती?'

'ते लोक नावं ठेवत नाहीत. त्यांच्यात तसंच असतं.'

दत्तोबा टेबलाकडे बघत होते. 'ह्यानं त्या दिशी मला इचारलं. आबा, काय करू म्हनला. मी म्हनलो, एकदा कागद केला, पेढं वाटलं, आता दुसऱ्याच्या दारात जायाचं न्हाई. थांब म्हनलो. इसार दिला न्हवता, तवाच मला कळाया पायजे व्हतं. कागदात काय हाय त्ये मी इचारलंच न्हाई. आन मला कुनी सांगितलं न्हाई.'

मी विश्वजीतकडे पाहिलं. शुक्रवारी 'विचार करून सांगतो', शनिवारी 'नको मॅडम'. मधे तो घरी गेला होता. पहिल्या पानावर काय लिहिलं आहे हे त्याला माहीत होतं, मी सांगितलेलं सगळं त्याला कळलेलं होतं. तरीही ज्या माणसाला विचारल्याशिवाय त्या घरात गुंठाभर जमिनीचाही निर्णय होत नाही, त्याला त्याने विचारलं, आणि वडिलांनी थांब म्हटल्यावर पुढे वाद घातला नाही. मी अडाणी म्हटलं तेव्हा गप्प बसला. शेडमध्ये सात माणसांसमोर चूक माझी म्हणाला. निशाचं ऐकून घेतलं. तीन वर्षांत एकदाही, कुणाहीसमोर, त्याने वडिलांचं नाव घेतलं नाही. आणि मी, जी सहीच्या दिवशी बाहेरच्या बाकापर्यंत जाऊन एक वाक्य बोलू शकले असते, कागदावर दत्तोबा संचालक होते, त्यांना सांगणं माझं कामच होतं, मी त्यांना फक्त सही म्हणून वागवलं.

'म्हंजी कंपनी मी घालवली,' दत्तोबा म्हणाले.

त्यांनी विचारलं नव्हतं, पण ते थांबले होते. विश्वजीतने नाही म्हणावं, म्हणून मी त्याच्याकडे बघत होते. मीच म्हणावं, म्हणून तो माझ्याकडे बघत असावा. मला एरवी शब्द कमी पडत नाहीत. पण खोटं बोलायचं तर ते या माणसासमोर बोलायचं, आणि खरं बोलायचं तर त्यात माझाही वाटा सांगायचा. मी समोरचे कागद पुन्हा एकसारखे केले. विश्वजीतने पेन उचलून वडिलांच्या हाताजवळ ठेवलं.

'सही करा, आबा. खाली नोटरी थांबलाय.'

दत्तोबांनी चार ठिकाणी सह्या केल्या. ठळक, सावकाश, पूर्ण नावाच्या. मग कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, आजून कुठं करायची ऱ्हायली का. मी नाही म्हटलं. त्या दुपारी माझ्या तोंडून निघालेला 'नाही' तो एवढाच.